एक प्रकार सोडला आणि वर्षात १२ किताब: कोरियाच्या सेओ सुंग-जेचं नेमकं काय बदललं?

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये शेनझेनला झालेली चायना मास्टर्सची फायनल ज्यांनी पाहिली, त्यांना तो पहिला गेम अजूनही डाचत असेल. सात्विक-चिराग १४-७ नं पुढे होते. समोर जगातली एक नंबरची जोडी, पण गेम आपल्या खिशात आहे असं वाटत होतं. तो गेम २१-१९ नं गेला, दुसरा २१-१५ नं गेला आणि किताब कोरियाला.

समोरच्या त्या जोडीत दोघं होते. किम वॉन-हो आणि सेओ सुंग-जे.

त्यातला किम आपल्याला जुना ओळखीचा. २०२३ च्या हांगझू आशियाई स्पर्धेत सात्विक-चिरागनं सोनं जिंकलं, तेव्हा फायनलला समोर हाच होता, चोई सोल-ग्यू या जोडीदारासोबत. तेव्हा दोन गेममध्ये हरलेला माणूस दोन वर्षांत एवढा कसा बदलला? याचं उत्तर बरंचसं त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या डावखुऱ्या सेओमध्ये आहे. आणि सेओची गोष्ट जरा उलटी आहे. तो आधीच जगज्जेता होता, तेही एकदम दोन प्रकारांत.

ऑगस्ट २०२३, कोपनहेगन. जागतिक स्पर्धेचा शेवटचा दिवस. सेओ चे यू-जंगसोबत मिश्र दुहेरीची फायनल खेळला आणि चीनच्या झेंग सिवेई-हुआंग याचिओंग या त्या काळातल्या सगळ्यात दादा जोडीला तीन गेममध्ये हरवलं. त्याच दिवशी कांग मिन-ह्युकसोबत पुरुष दुहेरीची फायनल. तिथे डेन्मार्कचे किम आस्ट्रुप आणि आंदेर्स रासमुसेन, त्यांच्याच घरच्या प्रेक्षकांसमोर. पहिला गेम गमावून तीही जिंकली. त्या वर्षीचा जागतिक बॅडमिंटन महासंघाचा सर्वोत्तम पुरुष खेळाडूचा मान अर्थातच त्याला मिळाला.

कोरियात या पराक्रमाची परंपरा आहे. पार्क जू-बोंगनं एकाच जागतिक स्पर्धेत पुरुष आणि मिश्र दुहेरी अशी दोन सुवर्णं दोनदा घेतली, १९८५ मध्ये आणि १९९१ मध्ये. किम डोंग-मूननं १९९९ मध्ये. त्यामुळे चांगला दुहेरीवाला दिसला की त्याला दोन्हीकडे उतरवायचं, हे तिथे वर्षानुवर्षं चालत आलं. (यातली १९९१ आणि १९९९ ची स्पर्धाही कोपनहेगनलाच झाली होती. कोरियन मंडळींना ते शहर फळतं, एवढं नक्की.)

आता हिशोब बघा. ३२ जोड्यांच्या स्पर्धेत किताबासाठी पाच सामने लागतात. दोन प्रकार खेळलात तर दहा, तेही सहा दिवसांत. आणि दोन्ही खेळ दिसायला सारखे असले तरी शरीराला सारखे नाहीत. मिश्र दुहेरीत साधारणपणे बाई नेटपाशी खेळते आणि पुरुष मागचं बहुतेक कोर्ट सांभाळतो, म्हणजे उड्या आणि स्मॅश त्याच्या वाट्याला. पुरुष दुहेरीत दोघं सतत जागा बदलतात, शटल कमरेच्या उंचीवर सपाट आणि प्रचंड वेगानं येतं, पहिल्या तीन-चार फटक्यांत रॅली कुणाची हे ठरून जातं. दुपारी एक सवय आणि संध्याकाळी दुसरी. तिशीच्या आतल्या खेळाडूला आठवडाभर हे जमतं. वर्षभर जमवणं वेगळं.

याचं बिल आलं पॅरिस ऑलिंपिकमध्ये. १ ऑगस्ट २०२४ ला सेओला एकाच दिवशी दोन मोठे सामने होते. पुरुष दुहेरीच्या उपांत्यपूर्व फेरीत आस्ट्रुप-रासमुसेननं कोपनहेगनची परतफेड केली. मग मिश्र दुहेरीची उपांत्य फेरी, समोर आपलेच देशबांधव किम वॉन-हो आणि जेओंग ना-युन. या जोडीविरुद्ध सेओ-चे तोपर्यंत एकदाही हरले नव्हते. सामना तिसऱ्या गेमला २३-२१ पर्यंत ताणला गेला. किमची अवस्था तर अशी की त्यानं डॉक्टर बोलावले आणि कोर्टाच्या कडेला पिशवीत उलटी केली. त्याची क्लिप तुमच्या फीडवरही आली असेल. पण जिंकला तोच. सेओ पुढच्या दिवशी कांस्यपदकाची लढतही जपानच्या वातानाबे-हिगाशिनोकडून हरला. दोन प्रकारांचा जगज्जेता ऑलिंपिकमधून रिकाम्या हातानं परतला.

त्यानंतर झालं ते आपल्याकडे फारसं कुणी लिहिलं नाही. सेओनं मिश्र दुहेरी थांबवली. किमनंही थांबवली. आणि त्या रात्री नेटच्या दोन बाजूंना उभे असलेले हे दोघं पुरुष दुहेरीत एकत्र आले. तशी ही जोडी पूर्ण नवी नव्हती, कोवळ्या वयात ते एकत्र खेळले होते, मग वाटा वेगळ्या झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये मलेशिया ओपन जिंकली आणि गाडी सुटली ती सुटलीच. जर्मन ओपन, ऑल इंग्लंड, इंडोनेशिया, जपान, चायना मास्टर्स, घरची कोरिया ओपन, फ्रेंच ओपन, कुमामोतो आणि डिसेंबरमध्ये हांगझूची वर्ल्ड टूर फायनल्स. मध्ये ऑगस्टमध्ये जागतिक अजिंक्यपदही, तेही पॅरिसमध्ये, ऑलिंपिक झालं त्याच हॉलमध्ये. तिथे सात्विक-चिरागला उपांत्य फेरीत हरवणाऱ्या चीनच्या चेन बोयांग-लिऊ यी यांना त्यांनी फायनलमध्ये सरळ दोन गेममध्ये संपवलं.

जोडी म्हणून ११ किताब. म्हणजे २०१९ मध्ये जपानच्या केंतो मोमोतानं एकेरीत एका वर्षात जिंकले तेवढेच. सेओचे तर १२, कारण थायलंड मास्टर्स तो जिन योंगसोबत जिंकला होता.

मग सगळं श्रेय एका निर्णयाला द्यायचं का? माझ्या मते मोठं श्रेय द्यायला हवं, पण सगळं नाही. डावखुरा आणि उजवा ही जोडी मुळातच त्रासदायक असते. दोघांनी जागा योग्य घेतल्या तर मधल्या पट्ट्यात दोघांचाही फोरहँड येतो, आणि समोरच्याला कुणाच्या बॅकहँडवर मारायचं हे दर फटक्याला नव्यानं ठरवावं लागतं. शिवाय शटलची पिसं एकाच दिशेला झुकलेली असल्यानं डावखुऱ्याचा कापलेला फटका वेगळा उतरतो. त्यात किमचा हात नेटपाशी भलताच चपळ. सेओ मागून तोफ डागतो आणि वर आलेलं शटल किम खाली दाबतो. परिस्थितीचीही मदत झाली. सलग दोन ऑलिंपिक सुवर्णं जिंकलेल्या तैवानच्या ली यांगनं निवृत्ती घेतली आणि ती जोडी संपली.

श्रेय कोरियन व्यवस्थेला देण्याची घाई मात्र नको. पॅरिसमध्ये एकेरीचं सोनं जिंकल्यावर आन से-यंगनं आपल्याच संघटनेवर जाहीर टीका केली, सरकारी चौकशी झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये किम डोंग-मून अध्यक्षपदी निवडून आला. एप्रिलमध्ये पार्क जू-बोंग जपान सोडून मुख्य प्रशिक्षक म्हणून परतला. दोन प्रकार खेळून दंतकथा झालेले हे दोघं आता एकाच प्रकारावर भर देणाऱ्या जोडीचे वरिष्ठ आहेत, यात गंमत आहेच. पण ते येण्याआधीच ही जोडी मलेशिया जिंकून बसली होती, आणि पार्क येण्याआधी ऑल इंग्लंडही. किमच्या घरातही हा खेळ जुनाच आहे. त्याची आई गिल यंग-आह हिनं १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये मिश्र दुहेरीचं सोनं जिंकलं होतं, आणि जोडीदार होता हाच किम डोंग-मून.

या निर्णयाची किंमत कोरियाच्या मिश्र दुहेरीनं मोजली. ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचलेल्या दोन जोड्या एकदम मोडल्या. पदकांची बेरीज करणाऱ्या कुठल्याही संघटनेला हे पचायला अवघडच.

आपल्याकडे सात्विकनं हा रस्ता आधी धरला होता. तो अश्विनी पोनप्पासोबत मिश्र दुहेरी खेळायचा, ती सोडून त्यानं मुंबईकर चिरागवरच सगळा डाव लावला. जानेवारी २०२४ च्या इंडिया ओपन फायनलमध्ये सेओ-कांगनी आपल्या जोडीला तीन गेममध्ये हरवलं, पण दोनच महिन्यांनी फ्रेंच ओपनमध्ये चिराग-सात्विकनी त्यांना २१-१३, २१-१६ असं धुतलं. म्हणजे दोन-दोन प्रकार खेळणारा सेओ आपल्या आवाक्यात होता. फक्त पुरुष दुहेरी खेळणारा सेओ शेनझेनमध्ये ७-१४ वरून परत आला.

२०२६ ची जागतिक स्पर्धा ऑगस्टमध्ये नवी दिल्लीत आहे. त्यानंतर महिन्याभरात जपानमध्ये आशियाई स्पर्धा. सेओच्या कपाटात आशियाई स्पर्धेचं सोनं नाही आणि ऑलिंपिकचं कुठलंच पदक नाही. लॉस एंजेलिस येईल तेव्हा तो तिशीत असेल.