मनगट आपलं, मग माप कुणाचं?

लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठी टायपिंगचं मिनिटाला ३० शब्दांचं किंवा इंग्रजीचं ४० शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. मंद्रूपसारख्या गावातून त्यासाठी धडपडणाऱ्यांची क्लासमधली वेळ संपली की उरलेला सराव घरी, लॅपटॉपवर. तोही कधी गादीवर, कधी मांडीवर. मग मनगट दुखायला लागलं की ऑनलाइन शोध सुरू होतो, ‘एर्गोनॉमिक वायरलेस कीबोर्ड-माऊस’चा.

माझं मत सांगतो. वेगळा कीबोर्ड-माऊस घ्याच. पण ‘एर्गोनॉमिक’ या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

वेगळा का? लॅपटॉपची स्क्रीन आणि बटणं एकमेकांना जोडलेली. स्क्रीन डोळ्यांसमोर आणली तर हात वर जातात, बटणं कोपराच्या उंचीला आणली तर मान खाली जाते. दोन्ही एकावेळी जमतच नाही. लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तकं ठेवा, कीबोर्ड वेगळा जोडा, प्रश्न बराचसा सुटला. वायरलेसचा खरा फायदा इथेच आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अभ्यासाचं वेगळं टेबल नसतं. काम झालं की सगळं उचलून कपाटात ठेवता येतं.

आता मधून दुभंगलेले, वळणदार कीबोर्ड. त्यांनी मनगट सरळ राहायला मदत होते, हे खरं. पण परीक्षेत समोर येणार तो साधा, सरळ कीबोर्ड. बोटांना सवय एकाची आणि परीक्षा दुसऱ्यावर, हा उद्योग कशाला? टायपिंगवाल्यांनी पूर्ण आकाराच्या बटणांचा सरळ कीबोर्डच घ्यावा. आकडेमोड फारशी नसेल तर उजवीकडचा नंबर पॅड नसलेला बघा. माऊस जवळ येतो, खांदा ताणला जात नाही. आणि कीबोर्डचे मागचे पाय मिटवूनच ठेवा. ते उघडले की मनगट वरच्या बाजूला वाकतं.

माऊसच्या बाबतीत मात्र चोखंदळ व्हा. प्रवासासाठीचा चिमुकला माऊस दिसायला भारी, पण मोठ्या हाताची बोटं त्यावर आकड्यासारखी वळतात. तळहात निवांत टेकला पाहिजे. उभ्या माऊसवर हात हस्तांदोलन करताना असतो तसा राहतो. काहींना तो मानवतो, काहींना नाही. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंनी सारखा असलेला घ्यावा.

डोंगल एक यूएसबी पोर्ट अडवतं, ब्लूटूथला त्याची गरज नाही. लॅपटॉपला पोर्ट दोनच असतील तर हे आधी बघा. खाली बंद-चालूचं बटण असलं की सेल जास्त दिवस पुरतो.

हजार-दीड हजारात साधा सेट येतो. विद्यार्थ्याच्या खिशाला तेवढेही जडच, म्हणून नुसत्या स्टार रेटिंगवर जाऊ नका. ते स्टार दुसऱ्याच्या हाताने दिलेले असतात. विजापूर रोडने सोलापूर काही लांब नाही. दुकानात जा, माऊस हातात धरा, दोन ओळी टाईप करून बघा.

आणि कितीही चांगला सेट आणला तरी अर्ध्या तासाने उठा. बोटांना मुंग्या येणं थांबत नसेल तर नवा माऊस नव्हे, डॉक्टर गाठा. नोकरी लागल्यावरही हेच हात वापरायचे आहेत.