ब्लॅक अँड व्हाइट फोटो घरी छापायचे तर

२६ जुलै २००५ला उल्हास नदीचे पाणी काठच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा शहाडच्या आमच्या घरातली अल्बमची पेटीही भिजली. फोटो एकमेकांना चिकटले. सोडवताना चेहरेच निघून आले. दादांचा एकच फोटो वाचला, हजला निघतानाचा, मुंबई बंदरावरचा. १९९५पर्यंत हाजींची जहाजे तिथून सुटत.

त्याच्या प्रती चुलत्यांना आणि फुफींना द्याव्यात म्हणून आम्ही घरच्या प्रिंटरवर तो छापला. दादांची पांढरी दाढी हिरवट आली! प्रिंटर बिघडलेला नव्हता. चूक आमच्या निवडीची होती.

घरगुती प्रिंटरमध्ये चार शाया असतात: काळी, निळी, गुलाबी, पिवळी. करडा रंग बहुधा तीन रंग मिसळून बनतो. प्रमाण जरा ढळले की हिरवट किंवा गुलाबी झाक येते. तीही ट्यूबलाइटखाली एक आणि उन्हात दुसरी दिसते. नुसत्या काळ्या शाईने छापावे, तर गालांवर बारीक ठिपके उठतात. शिवाय टाकीच्या अनेक प्रिंटरांत काळी शाई मजकुरासाठी केलेली असते. चकचकीत फोटो कागद निवडला की प्रिंटर ती बाजूला ठेवतो आणि काळाही रंगांतूनच बनवतो.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न किमतीचा नको. ‘यात करडी शाई वेगळी आहे का?’ असे विचारावे. कॅननच्या पिक्स्मा जी५७०मध्ये सहा शायांपैकी एक करडी आहे. एप्सनच्या एल८०५०मध्येही सहा शाया आहेत, पण जादा दोन आहेत फिकी निळी आणि फिकी गुलाबी, करडी नाही. एप्सनच्या शुअरकलर पी७००मध्ये करडी आणि फिकी करडी दोन्ही आहेत, पण तो व्यावसायिकांच्या खर्चाचा.

दुसरा प्रश्न शाईच्या जातीचा. डाय शाई कागदात मुरते. चमक छान येते, पण उजेडाने ती लवकर फिकी पडते आणि पाणी लागले तर पसरू शकते. पिगमेंट शाईचे कण कागदावर बसतात. ती महाग, पण टिकाऊ. पूर पाहिलेल्या घराला हा फरक सांगायला नको.

स्वस्त शाईचा मोह आम्हालाही झाला. सुट्टी बाटली आणून भरली आणि छटा पुन्हा बदलली. प्रिंटर ज्या शाईसाठी जुळवलेला असतो तीच भरावी, कागदही त्याच मेळाचा घ्यावा. आठवड्यातून एक रंगीत पान छापावे, नाहीतर शाई सुकून बारीक छिद्रे बुजतात.

आणि घरचा हिशेब? दहा-वीसच फोटो असतील तर प्रिंटर घेऊच नये. मूळ फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून फाइल फोटो लॅबला द्यावी. आधी एकच नमुना छापून घ्यावा, दारात उन्हात नेऊन पाहावा, मगच बाकीचे छापायला सांगावे. शेकडो फोटो असतील, नातेवाईकही मागत असतील, तर प्रिंटरचा विचार करावा.

स्कॅन मात्र आजच करा आणि एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाईकाकडे ठेवा. प्रिंटर पुढच्या वर्षीही मिळेल. आमच्या पेटीतले ते चेहरे मात्र आता कुठल्याच शाईने परत येणार नाहीत.