आधी वाट, मग पाणी

शाळांतील अग्निसुरक्षेचा विषय निघाला की संस्थाचालक आधी पैशांचे विचारतात. त्यात गैर काही नाही. अनुदानित शाळांना वेतनेतर अनुदानासाठी ताटकळावे लागते आणि जिल्हा परिषदेच्या शाळांची सादिलमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या अनुदानातून, वीजबिल भरतानाही ओढाताण होते. अशा मुख्याध्यापकांपुढे भूमिगत टाकी, पंप आणि मजल्यामजल्यावर पाण्याची जोडणी अशी यादी ठेवून ना हरकत दाखला मागितला, तर दाखला येतो, यंत्रणा येत नाही.

म्हणून खर्चाचा हिशेब मांडावाच. मात्र तो आजवर मुले कशाने दगावली, तिथून सुरू व्हावा. 16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत 94 मुले गेली. पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातली आग झावळ्यांच्या छपराला लागली आणि वरच्या मजल्यावरच्या मुलांना उतरायला अरुंद जिना होता. सुरतेत मे 2019 मध्ये शिकवणी वर्गातील 22 विद्यार्थी गेले. जिन्याची वाट बंद झाल्याने मुलांनी वरून उड्या घेतल्या. शिकागोत 1958 मध्ये एका शाळेत 92 मुले आणि 3 शिक्षिका मरण पावल्या. त्या शाळेची तपासणी झाली होती. इमारत जुनी म्हणून नवे नियम तिला लागू नव्हते, इतकेच. तिन्ही ठिकाणी मुलांना बाहेर पडता आले नाही.

बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवायला फारसा पैसा लागत नाही. जिन्याखाली रचलेले मोडके बाक हलवणे, मागच्या दाराचे कुलूप शाळा भरलेली असताना काढून ठेवणे, खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांना आतून उघडणारी झडप बसवणे, गॅसची शेगडी वर्गांपासून दूर नेणे, मीटरजवळची जुनी वायरिंग बदलणे आणि प्रत्येक सत्रात एकदा मुलांना मैदानात उतरवण्याचा सराव घेणे. एवढे बहुतेक शाळांना याच वर्षी जमेल. त्यानंतर धोक्याची घंटा, मग आग विझवणारी नळकांडी, आणि शेवटी, तेही बहुमजली इमारतींत, पाण्याची मोठी यंत्रणा. व्हरांड्यात उघडणाऱ्या चार खोल्यांच्या खेड्यातल्या शाळेला आणि शहरातल्या सहा मजली शाळेला एकच यादी लावण्यात शहाणपण नाही.

शाळेत आग क्वचित लागते, त्यामुळे दरसालची सरासरी काढली तर हा खर्च वाया गेल्यासारखा वाटेल. पण कुंभकोणममध्ये एका सकाळी जे गेले, ते सरासरीत कुठेच दिसत नाही. हा खर्च त्या एका दिवसासाठीच असतो.

आपल्याकडे कायद्याची वाण नाही. महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधक कायदा 2006 चा आहे. इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. कुंभकोणमनंतरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये देशभरातील शाळांना अग्निसुरक्षा बंधनकारक केली. कमी आहे ती पैशांची तरतूद. अनुदानित आणि जिल्हा परिषद शाळांसाठी ती राज्याने स्वतंत्र शीर्षाखाली करावी, सादिलमध्ये ढकलू नये. भरमसाट शुल्क घेणाऱ्या शाळांनी ती स्वतः करावी. त्यांना सवलतीचे कारण नाही. आणि राहत्या इमारतीत एकाच जिन्यावर भरणारे वर्ग दुसरा जिना होईपर्यंत तळमजल्यावर आणावेत, हा आदेश शिक्षण विभागाने या सत्रातच काढावा. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.