क्राऊन-पिनियनचं सोवळं

जुन्या मोटरसायकलींच्या दुनियेत एक सोवळ्यातला पंथ आहे. गाडी कारखान्यातून निघाली तश्शीच पाहिजे, नटसुद्धा त्याच मॉडेलचा. दुसऱ्या मॉडेलचा पार्ट लागला की गाडी बाटली! मला हे पटत नाही. आणि "माझी गाडी, मी काहीही करीन" हेही पटत नाही. या दोन टोकांच्या मध्ये एक साधी कसोटी आहे, ती आज मांडतो.

उदाहरणाला बीएमडब्ल्यूची आर ६०/५ घेऊ. ही मालिका १९६९ ते १९७३ मधली. हिला चेन नाही. गिअरबॉक्समधून निघालेला शाफ्ट उजव्या स्विंगआर्मच्या नळीत, तेलात फिरतो आणि मागच्या चाकाजवळचं क्राऊन-पिनियन फिरवतो. जेमतेम ६०० सीसी, ४० हॉर्सपॉवर, चार गिअर. क्राऊनला ३७ दात, पिनियनला ११. म्हणजे रेशो ३.३६. तिची थोरली बहीण आर ७५/५. तिथे ३२ आणि ११, म्हणजे २.९१. थोरलीचा मागचा अख्खा डबा धाकटीला बसतो. नुसते दात बदलायला जाऊ नका हं, क्राऊन आणि पिनियन ही जोडी शिम लावून एकमेकांना जुळवलेली असते. डबा बदलला की त्याच वेगाला इंजिनाचे फेरे साधारण साडेतेरा टक्क्यांनी कमी. हायवेला गाडी एकदम शांत.

मग फुकट काही मिळतं का? नाही. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून येते, मागच्या डब्याशी तिचा संबंध नाही. त्यामुळे मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६९ वर असेल. मीटरही बदलायला हवा. शिवाय पहिला गिअर लांब होतो. थोरलीकडे ५० हॉर्सपॉवर आहेत, हिच्याकडे दहा कमी. मागे कुणी बसलंय, पुढे सोयाबीनची ट्रॉली रांगतेय, अशा वेळी क्लच अर्धा दाबून चालवावं लागतं आणि प्लेटा झिजतात. म्हणजे गाडी कुठे चालवणार, हे आधी ठरवा.

"पण शाफ्टमध्ये अशी सरमिसळ म्हणजे भानगडच ना?" असं विचारणाऱ्यांनी एकदा पिंगळीला जावं. परभणीहून पूर्णेकडे जाताना रेल्वेचं स्टेशन लागतं, तेच. त्या बाजूच्या शेतांत बीएमडब्ल्यू दिसणार नाही, पण ट्रॅक्टर दिसेल. ट्रॅक्टर एका कंपनीचा, रोटाव्हेटर दुसऱ्या कंपनीचा, मधला शाफ्ट तिसऱ्याचा. तरी सगळं गुण्यागोविंदाने चालतं. कारण ट्रॅक्टरच्या पीटीओचं टोक ठरलेलं आहे: व्यास १ ३/८ इंच, सहा स्प्लाइन, मिनिटाला ५४० फेरे. आपल्या धंद्याच्या भाषेत, इंटरफेस पक्का आहे. आत कोणी काय लिहिलंय याच्याशी बाहेरच्याला देणंघेणं नाही :-) तिथला शेतकरी हे कुठलंही डिझाइन पॅटर्नचं पुस्तक न वाचता रोज वापरतो.

सोवळ्यातल्या मंडळींना आणखी एक सांगतो. १९७३ मध्ये खुद्द बीएमडब्ल्यूनेच या मालिकेचा स्विंगआर्म सुमारे ५ सेंटीमीटरने लांबवला, तोही वेल्डिंग करून. तो जोड आजही दिसतो. आता यातली 'ओरिजिनल' कुठली, बोला! अर्थात कारखान्याकडे जिग होते, चाचण्या होत्या. चौकातल्या लेथवाल्याकडे हात कितीही चांगला असला तरी त्या नसतात. शाफ्ट कापून, जोडून वेगात फिरवायचा म्हणजे जिवाशी खेळ.

कायद्याचंही बघू. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनमानी बदल चालत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हे ठणकावून सांगितलं. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले: वय ५० वर्षांच्या वर, गाडी मूळ रूपात, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नको. मागचा डबा त्या यादीत नावाने नाही. पण मी वकील नाही. नोंदणीआधी आरटीओत विचारलेलं बरं.

तर कसोटी एवढीच: केलेला बदल उद्याच्या मालकाला नुसत्या पान्यांनी उलटवता येईल का? येत असेल तर खुशाल करा. कापणं, घासणं, वेल्डिंग करावं लागत असेल तर थांबा. काढलेला डबा विकू नका. तेल लावून, चिठ्ठी बांधून फळीवर ठेवा. काय बदललं, कधी बदललं, दात किती, हे एका वहीत लिहा आणि ती वही गाडीच्या कागदांबरोबर ठेवा. आपण रोलबॅक प्लॅनशिवाय प्रॉडक्शनला हात लावत नाही. पन्नाशी उलटलेल्या गाडीला तर नवीन कॉपी मिळायचीच नाही. ती आपल्यानंतरही कुणीतरी चालवणार आहे.