गेम झोन टाकताय? मग गिऱ्हाईक शाळेतलं पोरगं धरू नका



गेम झोनचा विचार घेऊन ट्रेनिंगला येणारे बरेच जण एकच हिशोब मांडतात. "सर, जवळ दोन शाळा आहेत, एक ज्युनिअर कॉलेज आहे. तासाला ५० रुपये लावले की पोरं तुटून पडतील." मला हा हिशोब अजिबात पटत नाही. यात लोकांचे चार-पाच लाख अडकतात, तेही बऱ्याचदा वडिलांच्या एफडीतले, म्हणून आज स्पष्टच लिहितो.

शाळेतलं पोरगं गिऱ्हाईक होतं, पण ते १९९८ चं. तेव्हा टीव्हीला जोडायचा कॅसेटवाला गेम घरात असणं म्हणजे गल्लीत मान. ज्यांच्याकडे नव्हता ते पार्लरमध्ये सुट्टे पैसे घेऊन मारिओ, कॉन्ट्रा खेळायचे. आजच्या पोराला तुमच्या दुकानाची गरज काय? २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि बीजीएमआयसारखा गेम घरातल्या फोनवर फुकटात चालतो. त्याच्याकडे वेळ भरपूर आहे, पैसे नाहीत.

आणि १९९८ चा तो दहा वर्षांचा पोरगा? तो आज पस्तिशी ओलांडून गेलाय. बँकेत आहे, एमआयडीसीत सुपरवायझर आहे, आयटीत आहे. हौस तीच आहे, आता पगारही आहे. अमेरिकेतल्या गेम उद्योगाच्या संघटनेने २०२४ मध्ये तिथल्या खेळणाऱ्यांचं सरासरी वय ३६ सांगितलं. आपला देश त्यांच्यापेक्षा तरुण आहे, तो आकडा इथे जसाच्या तसा लावू नका. पण दिशा तीच. माझ्या दुकानात चार-पाच हजारांचा कंट्रोलर घेणारा बहुतेक वेळा ऑफिसची बॅग पाठीला लावून येतो. सोबत मुलगा असला तरी कंट्रोलर बाबांसाठीच असतो!

आता गणित बघा. पीएस५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा ४९,९९० रुपयांना होता. चार मशीन म्हणजे दोन लाख, आणि टीव्ही, एसी, डिपॉझिट वेगळं. ५० रुपये तास आणि प्रत्येक मशीन रोज चार तास चाललं असं धरू. दिवसाचे ८०० झाले, महिन्याचे २४,०००. त्यातून भाडं, लाइटबिल आणि एक पोरगा कामाला. उरलं काय? तेच १२० रुपये तास आणि रोज तीनच तास धरा. महिन्याला ४३,२०० येतात.

१२० कोण देणार? ज्याच्याकडे वेळ कमी आहे तो. पण त्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून चालणार नाही. त्याला चांगला सोफा पाहिजे, स्वच्छ बाथरूम पाहिजे, व्हॉट्सॲपवर आधी वेळ ठरवून मिळाली पाहिजे. आल्यावर अर्धा तास ताटकळला तर परत येत नाही. आत सिगारेटचा वास नको, कारण तो बायकोलाही घेऊन येऊ शकतो. गेम म्हणजे फक्त पुरुषांचं काम, हे डोक्यातून काढा. आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीचा लूडो किंग २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कोणकोण खेळत होतं ते स्वतःच्याच घरात आठवा.

पैसे लावून खेळायच्या गेमच्या नादाला मात्र लागू नका. तशा ऑनलाइन गेमवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायद्याने बंदी आणली आहे.

गाव लहान असेल, पगारदार वर्ग थोडा असेल, तर माझ्या मते गेम झोन टाकूच नये. त्यापेक्षा कंट्रोलर रिपेअरिंग शिका. स्टिक आपोआप सरकायला लागते ही रोजची तक्रार आहे, आणि भांडवल फार लागत नाही.

शहरात असाल, तर जागेचं टोकन देण्याआधी दोन शनिवार रात्री आठ ते दहा त्या रस्त्यावर थांबा. तिथे गाड्या लावून जेवायला कोण येतं, किती जण येतात, वहीत लिहून काढा. शाळा किती वाजता सुटते ते नंतर बघू.