विंचवाचें विष आणि मज्जातंतूंचीं दारें

भोर-वेल्ह्याकडील घरांत विंचू हा परका जीव नव्हे. सरपणाच्या ढिगाखालीं, दगडी बांधांत, प्रसंगीं अंथरुणांतहि तो आढळतो. त्याच्या नांगींतील थेंबभर विष सर्व देह कसा हालवून सोडतें, हें समजण्यास आपले मज्जातंतु कसे चालतात तें प्रथम पाहिलें पाहिजे.

मज्जातंतु म्हणजे तांब्याची तार नव्हे. तारेंत वीज बाहेरून येते. तंतु ती स्वतः उत्पन्न करतो. त्याच्या पातळ आवरणाबाहेर सोडियमचे, म्हणजे मिठांतील एका घटकाचे, विद्युत्‌भारित कण अधिक असतात. आंत पोटॅशियमचे अधिक. आवरणाच्या दोन्ही बाजूंत सुमारें ७० मिलिव्होल्टांचा फरक टिकून असतो. संदेश निघाला कीं सोडियमचीं सूक्ष्म दारें उघडतात, कण आंत शिरतात, आणि सुमारें एक सहस्रांश सेकंदांत दारें मिटतात. मग पोटॅशियम बाहेर पडून पूर्वस्थिति येते. तोंवर शेजारचीं दारें उघडलेलीं असतात. असा संदेश पुढें सरकतो. दार उघडण्याइतकेंच तें वेळेवर मिटणेंहि आवश्यक आहे.

विंचवाचें विष हें मिटणेंच अडवितें. मोठा काळा विंचू भयंकर दिसतो, पण प्राणावर बेततो तो बहुधा लहान तांबडा. एका आज्ञेच्या जागीं आज्ञांची सरबत्ती सुरू होते. रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार पडतो, फुप्फुसांत पाणी होऊं शकतें.

भोरहून वरंधा घाट उतरलें कीं महाड तालुका लागतो. तेथील बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रांत असे रोगी पाहून डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनीं आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारें प्राझोसिन हें औषध योजिलें. १९८६ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकांत तो उपचार प्रसिद्ध झाला. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

पुष्कळ दंशांत केवळ ठणका असतो व तो आपोआप ओसरतो. श्रेय मात्र मांत्रिकास मिळतें. ह्या समजुतीनेंच खरा धोका असलेल्या रोग्याचा वेळ दवडला जातो. गंभीर दंशांत ठणका कधीं कधीं थोडाच असतो. म्हणून वडील मंडळींनीं ठणका न पाहतां दरदरून घाम, वांति व गार पडलेले हातपाय पाहावे, आणि विशेषतः लहान मुलास तत्काळ इस्पितळांत न्यावें.