पापमुक्त की पापभीरू?

फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की पैठणच्या वाटेवरील बिडकीन गाव दिंड्यांच्या टाळमृदंगांनी दुमदुमू लागते. शांतिब्रह्म एकनाथ महाराजांनी १५९९ साली ज्या गोदेच्या तीरी देह ठेवला, तिकडे निघालेल्या प्रत्येक वारकऱ्यास ती कथा ठाऊक असते. स्नान करून परतणाऱ्या नाथांच्या अंगावर एक मनुष्य पुनःपुन्हा थुंकला; नाथ एकशे आठ वेळा गोदेत उतरले, परंतु क्रोध त्यांच्या मनास शिवला नाही. पापाचा स्पर्श होऊ न देता मनुष्यास जगता येते काय, या प्रश्नाचे आपल्याकडील हे सर्वांत देखणे उत्तर होय.

हाच प्रश्न ख्रिस्ती श्रद्धावंतांविषयी आपण विचारतो, तो मात्र बहुधा टोमण्याच्या सुरात. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून ही कुटुंबे आपल्या शेजारी नांदत आहेत. ‘येशूने तुमची पापे घेतली ना, मग तुमच्या घरी भांडणे आणि लबाडी कशी?’ असे त्यांना सहज म्हटले जाते. हा टोमणा अन्यायाचा आहे, कारण श्रद्धा ठेवताच मनुष्य निष्पाप होतो, असे त्यांचा धर्म सरसकट सांगतच नाही.

योहानाच्या पहिल्या पत्रात एके ठिकाणी म्हटले आहे की, आपल्या ठायी पाप नाही असे म्हणणारा स्वतःस फसवितो. पुढे तेच पत्र सांगते की, देवापासून जन्मलेला पाप करीत नाही. या दोन वचनांचा मेळ घालण्यात त्यांच्या पंडितांची शतके गेली. ल्यूथर म्हणाला, श्रद्धावंत एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही. अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी याच जन्मी प्रेमाची पूर्णता लाभू शकते असे शिकविले खरे. तथापि अज्ञानाने होणारे प्रमाद त्या अवस्थेतही उरतात, हे त्यांनी मान्य केले आणि स्वतःस पूर्णता लाभल्याचा दावा केला नाही.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरणे अधिक बोलकी आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर कित्येक वर्षांनी, धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळालाच नव्हता, असे आपणांस उमगल्याचे त्यांनी १९०७ मध्ये लिहिले. १९०५ साली केडगावच्या मुक्तिसदनात मुली स्वतःच्या पापांसाठी धाय मोकलून रडल्या. दुष्काळातून वाचविलेल्या, घरादाराने टाकलेल्या त्या मुली! अपराध जगाने केला आणि अश्रू त्यांनी ढाळले, असे वाटून मन थबकते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये धर्मांतर केले, पण आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. जगाने संत म्हणून गौरविले तरी आपले दोष स्वमुखाने उघडे करणारे तुकोबा त्यांना अखेरपर्यंत जवळचे वाटले, यात नवल ते काय? लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये पतीचा तापट, लहरी स्वभाव मुळीच झाकला नाही. तरी ते वाचून टिळकांची श्रद्धा खोटी होती, असे कोणी म्हणेल काय?

मनुष्यास पापी म्हणणे हेच पाप, असे स्वामी विवेकानंदांनी १८९३ साली शिकागोत ठणकावले. हा दाखला ख्रिस्ती लोकांस देणारे आपण मात्र पूजेनंतर प्रदक्षिणा घालताना स्वतःस पापीच म्हणवितो. स्वामीजी आत्म्याविषयी बोलत होते. प्रदक्षिणा घालतो तो जीव. खरा भेद निराळाच आहे. आपल्याकडे कर्म भोगावे लागते किंवा नामाने जळते. त्यांच्याकडे ते ऋण दुसऱ्याने फेडलेले असते. हा भेद लहान नव्हे आणि तो पुसण्याचे कारणही नाही. पण ‘ऋण फिटले, आता हवे तसे वागा’ हा अर्थ पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच उपस्थित करून स्पष्ट शब्दांत नाकारला आहे. गोदास्नानाविषयी आपल्यावरही असाच आरोप होतो, नाही का?

आणि येशूने शिष्यांस जी प्रार्थना शिकविली, तिच्यात रोजची भाकर मागून झाली की लगेच अपराधांची क्षमा मागितलेली आहे. बाप्तिस्मा घेऊन पन्नास वर्षे लोटलेला वृद्धही ती प्रार्थना म्हणताना ते मागणे गाळीत नाही.